कधीच न उडालेल्या विमानाचे मॉडेल: आधी तारीख ठरवा, मग रंग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे मेसरश्मिट पी. ११०१ या जर्मन जेट विमानाचे १:४८ प्रमाणातील किट आहे. खोक्यावरच्या चित्रात ते हिरव्या-करड्या छटांत, एखाद्या पथकाच्या खुणा मिरवत, आकाशात लढताना दाखवले आहे. तुम्हाला मिळालेले तीन आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यांतल्या एकावर तर शेपटीच निराळी आहे. जे विमान कधी उडालेच नाही त्याला रंग कोणता द्यावा, त्यावर वापराच्या खुणा दाखवाव्यात की नाही, आणि जुळणी करताना खरे कशाला मानावे, हे तुम्हाला ठरवता येत नाही.

प्रश्न रंगाचा वाटला तरी मूळ अडचण तारखेची आहे. सेवेत राहिलेल्या विमानाच्या बाबतीत आपण नकळत एखादा क्षण निवडलेला असतो. अमुक क्रमांकाचे विमान, अमुक तळावर, अमुक महिन्यात. त्या क्षणाचे छायाचित्र मिळाले की रंग, खुणा, धूळ, टायरची झीज हे सगळे त्यातून ठरत जाते. न उडालेल्या विमानाला असा एकही सेवेतला क्षण नसतो, म्हणून मॉडेल करणारा कागदावरचा हेतू, कारखान्यातली वस्तू आणि चित्रकाराची कल्पना या तिन्हींतून थोडे थोडे उचलतो, आणि तयार होते ते कधीच कुठेच नसलेले विमान. पी. ११०१ च्या बाबतीत मात्र सुदैव असे की त्याचा एक नमुना प्रत्यक्ष बांधला गेला होता आणि त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. म्हणून माझे पहिले सांगणे हेच की या विमानाच्या आयुष्यातली एक तारीख आधी निवडा. पुढचे बहुतेक प्रश्न ती तारीखच सोडवील.

निवड करण्यासाठी त्याची हकिगत थोडी तपशिलात माहीत हवी. जुलै १९४४ मध्ये जर्मन हवाई मंत्रालयाने एका इंजिनाच्या नव्या जेट लढाऊ विमानाची मागणी पुढे केली. हाइन्केल-हिर्थचे ०११ हे इंजिन, ७,००० मीटर उंचीवर ताशी १,००० किलोमीटरच्या आसपास वेग आणि ३० मिलिमीटरच्या एमके १०८ तोफा, असा साधारण त्या मागणीचा गाभा होता. मेसरश्मिट कंपनीचा आराखडा विभाग तेव्हा बव्हेरियातील ओबरअमरगाऊ येथे वोल्डेमार फोग्ट यांच्या हाताखाली काम करत होता. तिथे हान्स होर्नुंग यांनी त्याच महिन्यात पहिला आराखडा काढला. त्यात विमानाचा धड भाग आखूड आणि रुंद होता, हवा आत घेणारी तोंडे कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना होती, पंखाचा आतला भाग जास्त आणि बाहेरचा भाग कमी मागे वळलेला होता, आणि शेपटी दोन तिरप्या पात्यांची होती. ऑगस्टअखेरचा आराखडा याहून बराच वेगळा आहे, आणि पुढे प्रत्यक्ष बांधायला घेतलेले विमान आणखी वेगळे: नाकातच गोल तोंड, कॉकपिटखालून मागे जाणारी हवेची नळी, धडाच्या खालच्या भागात इंजिन, आणि त्याच्या झोतावरून मागे गेलेला शेपटीचा निमुळता दांडा. या सगळ्यांचे नाव एकच, पी. ११०१. तुमचे तीन आराखडे जुळत नाहीत याचे पहिले कारण हे आहे. आराखड्यावर तारीख नसेल तर तो मोजमापासाठी वापरू नका, मग तो कितीही सुबक रेखलेला असो.

दुसरे कारण अधिक रंजक आहे आणि ते थेट तुमच्या कामाशी जोडलेले आहे. ध्वनीच्या वेगाजवळ पंखाचा मागचा कल किती असावा, हे तेव्हा वाऱ्याच्या बोगद्यातील चाचण्यांवरून खात्रीने सांगता येत नव्हते. म्हणून या नमुन्याचे पंख असे बसवायचे ठरले की जमिनीवर, उड्डाणापूर्वी, त्यांचा कोन बदलता यावा; एका उड्डाणात एक कोन, पुढच्या मालिकेत दुसरा. आता कोन बदलला की पंखांचा पसारा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, बदलतो, आणि आराखडा कोणत्या कोनाचा आहे हे लिहिलेले नसेल तर दोन बरोबर आराखडेही एकमेकांना खोटे ठरवताना दिसतात. हिशेब सोपा आहे. पंखाचा बाजूला जाणारा पल्ला कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलतो. ४० अंशांवरून ४५ अंशांवर गेलात तर तो सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. १:४८ मध्ये एका बाजूच्या फिरणाऱ्या भागाचा पल्ला ७० मिलिमीटर धरला, तर तो साडेचौसष्टच्या आसपास येतो, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून फरक सेंटीमीटरभराचा झाला. संपूर्ण विमानाचा पसारा या प्रमाणात सतरा-साडेसतरा सेंटीमीटरच भरतो, त्यामुळे हा फरक डोळ्यांना सहज जाणवतो. तेव्हा किटचे पंख लहान आहेत असा निष्कर्ष काढण्याआधी कोनमापक घेऊन किटमधला कोन मोजा, मग आराखड्यातला मोजा, आणि नंतरच पसाऱ्याची तुलना करा.

मोजमापासाठी मी नेहमी अशी वस्तू शोधतो जी त्या विमानाबरोबर बदलत नाही. पी. ११०१ च्या बाबतीत अशी वस्तू म्हणजे इंजिन. हाइन्केलचे इंजिन वेळेवर हाती येत नसल्यामुळे पहिल्या नमुन्यासाठी युंकर्सचे युमो ००४ बी ठरवण्यात आले, आणि ते इंजिन मेसरश्मिट २६२ या सेवेत आलेल्या जेट विमानामुळे पूर्णपणे परिचित आहे. त्याची लांबी ३.८६ मीटर, म्हणजे १:४८ मध्ये ८० मिलिमीटर. कागदाची किंवा प्लास्टिकच्या नळीची तेवढी साधी दंडगोल प्रतिकृती करून धडाच्या दोन अर्ध्या भागांत ठेवून पाहा. ती नीट बसली, हवेची नळी तिच्यापर्यंत सरळ पोहोचली आणि झोताचे तोंड योग्य जागी आले, तर धडाचे प्रमाण बरोबर आहे असे समजायला हरकत नाही. युमोच्या मागच्या तोंडात पुढे-मागे सरकणारा कांद्याच्या आकाराचा शंकू असतो. किटमध्ये नुसते पोकळ भोक दिले असेल तर हा शंकू घडवून बसवा. मॉडेल मागून पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी तिथेच जाते.

आता तारखांकडे येऊ. पहिले उड्डाण जून १९४५ मध्ये करायचे ठरले होते. त्याआधीच, २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी पायदळाचे सैनिक ओबरअमरगाऊच्या संकुलात पोहोचले. जवळच्या बोगद्यात लपवलेले हे विमान तेव्हा सुमारे ८० टक्के तयार होते. पंख अजून धडाला जोडलेले नव्हते आणि त्यांच्या खालच्या बाजूला पत्राही चढलेला नव्हता. बेल या अमेरिकी विमान कंपनीचे रॉबर्ट वुड्स यांनी आणि स्वतः फोग्ट यांनी ते पूर्ण करून घेण्याचा आग्रह धरला, पण काही महत्त्वाची कागदपत्रे नष्ट झाली होती आणि मायक्रोफिल्मचा मोठा भाग फ्रेंचांच्या हाती गेला होता, जो त्यांनी दिला नाही. दरम्यान विमान उघड्यावर आले आणि सैनिक त्याच्याजवळ, त्याच्यावर चढून, आठवणीसाठी छायाचित्रे काढून घेऊ लागले. पुढे ते अमेरिकेत राइट फील्डला गेले आणि १९४८ मध्ये बफेलो येथे बेलच्या कारखान्यात पोहोचले. त्याला इतकी इजा झाली होती की उडवण्याचा विचार सोडावा लागला. अखेर ते मोडीत निघाले. त्याच्या मांडणीवरून बेलने एक्स-५ हे प्रायोगिक विमान बनवले, ज्याचे पंख उड्डाणातच कोन बदलत. त्याने २० जून १९५१ रोजी पहिली झेप घेतली.

म्हणजे तुमच्यासमोर खरोखर तीन क्षण आहेत: बोगद्यातले अपूर्ण विमान, उघड्यावर आणलेले आणि सैनिकांनी वेढलेले विमान, आणि बफेलोतले अभ्यासाचे विमान. चौथा पर्याय खोक्यावरच्या चित्राचा, म्हणजे युद्ध लांबले असते तर १९४६ मध्ये हे विमान कसे दिसले असते, हा. तो करायला हरकत नाही, अनेक उत्तम कारागीर तो करतात. पण मग पाटीवर तसे स्पष्ट लिहा आणि त्या कल्पनेशीही प्रामाणिक राहा. सेवेतले विमान दाखवायचे तर हाइन्केलचे इंजिन, तोफा, चिलखत आणि कायम कोनाचे पंख हवेत, कारण कोन बदलणारे पंख हे केवळ संशोधनाच्या नमुन्यासाठी होते. खोक्यावरची चित्रे बहुधा नमुन्याच्या पंखांवर पथकाचे रंग चढवतात, आणि तिथेच ती मला खटकतात.

तुम्ही कोणता क्षण निवडावा हे तुमच्याकडे किती वेळ आहे आणि किती घडाई करायची तयारी आहे यावर अवलंबून आहे. बोगद्यातला क्षण सर्वांत वेधक, पण त्यासाठी पंखांची खालची बाजू कापून आतल्या फासळ्या प्लास्टिक कार्डाच्या बारीक पट्ट्यांनी उभ्या कराव्या लागतील आणि पंख वेगळे, घोडीवर टेकवून दाखवावे लागतील. पहिल्याच अशा प्रकल्पासाठी मी उघड्यावरचा, १९४५ च्या उन्हाळ्यातला क्षण सुचवीन. त्याची छायाचित्रे सर्वांत स्पष्ट आहेत आणि किटमध्ये फारसा बदल लागत नाही.

हा क्षण घेतला की रंगाचा प्रश्न जवळजवळ सुटतो. छायाचित्रांतले विमान रंगवलेले नाही; ते उघड्या धातूचे आहे, आणि शेपटीचे भाग लाकडी असल्यामुळे त्यांची छटा धडापेक्षा निराळी आहे. उघडा धातू म्हटले की नवखे लोक चकचकीत चांदीकडे वळतात. कारखान्यात नुकताच ठोकून बसवलेला ड्युरॅल्युमिनचा (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा मात्र मंद, किंचित करडा असतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. माझी पद्धत अशी आहे की आधी संपूर्ण मॉडेल २००० नंबरच्या ओल्या सँडपेपरने घासून घ्यायचे, कारण धातूचा रंग प्रत्येक ओरखडा उघड करतो; मग करडा प्रायमर, त्यावर एअरब्रशने पातळ थरांत अॅल्युमिनियम, आणि तो पूर्ण वाळल्यावर काही पत्रे मास्किंग टेपने वेगळे काढून त्यांवर त्याच रंगात दोन-तीन थेंब करडा मिसळून एक हलका थर. फरक दिसला की नाही असे वाटेल इतकाच ठेवावा. शेपटीच्या दांड्याची खालची बाजू झोताच्या उष्णतेपासून वाचवण्यासाठी पोलादी पत्र्याची होती. तिथे थोडा गडद, थंड रंग द्या, पण तापल्यावर येणारी निळसर-तपकिरी झाक देऊ नका. या विमानाने उड्डाणाची उष्णता सोसलेलीच नाही.

पुट्टीच्या पट्ट्यांवर थोडे जास्त लिहितो, कारण अशा मॉडेलचा जीव त्यांत असतो. युद्धाच्या अखेरीस जर्मन कारखान्यांत जेट विमानांचे सांधे आणि रिव्हेटच्या रांगा पुट्टीने बुजवून गुळगुळीत करत आणि मग रंग देत. न रंगवलेल्या मेसरश्मिट २६२ च्या छायाचित्रांत या पट्ट्या धातूवर स्पष्ट उठून दिसतात. तुमच्या मॉडेलवर, ज्या सांध्यावर छायाचित्रात पट्टी दिसते त्याच सांध्यावर ती दाखवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट सोडा, पिवळसर करडा रंग खूप पातळ करून दोनदाच फवारा, आणि रंग ओलसर असतानाच टेप सपाट मागे ओढून काढा, म्हणजे कडेला उंचवटा राहत नाही. नंतर कापसाच्या काडीला पांढऱ्या स्पिरिटचा स्पर्श करून पट्टीची एक बाजू कुठे कुठे पुसट करा. पुट्टी हाताने घासलेली असते, तिची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ नसते. हे करण्याआधी किटवरच्या खोल पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या खाचा, बुजवून घ्याव्या लागतील. पुट्टी भरलेल्या सांध्याला खाच असू शकत नाही.

पावसाळ्यात हे काम करणार असाल तर लॅकर जातीचे रंग दमट हवेत वाळताना दुधाळ होतात, हे ध्यानात ठेवा. ठाण्या-मुंबईत जुलैमध्ये मी धातूचा शेवटचा थर कोरड्या दिवसाची वाट पाहूनच देतो, किंवा खोलीतली हवा एसीने आधी कोरडी करून घेतो.

वापराच्या खुणांबद्दल नियम एकच: विमानाच्या बाबतीत जे घडले तेवढेच दाखवायचे. तोफा डागल्या नाहीत, म्हणून काजळी नाही. झोताच्या मागे धुराचा पट्टा नाही. इंधन सांडल्याचे ओघळ नाहीत. धावपट्टीवरचा चिखल नाही, टायरची झीज नाही. पण सैनिक त्याच्यावर चढले, म्हणून पंखाच्या मुळाशी आणि कॉकपिटच्या कडेला बुटांचे मातकट ठसे आणि बारीक ओरखडे पूर्णपणे समर्थनीय आहेत. उघड्यावर राहिल्यामुळे वरच्या पृष्ठभागांवर धूळ आणि पावसाचे फिके ओघळही येतील. कॉकपिटच्या आत युद्धकालीन जर्मन विमानांत प्रचलित असलेला करडा रंग द्या, पण आसन, उपकरणे आणि वायर यांची संख्या कमी ठेवा. अपूर्ण विमानात मोकळ्या जागा असतात, आणि किटने दिलेला प्रत्येक भाग चिकटवण्याची सक्ती नाही.

उभे राहण्याची पद्धत ही बाब बहुतेक जण विसरतात. इंधन, तोफा, दारूगोळा आणि वैमानिक नसलेले विमान हलके असते, त्यामुळे चाकांच्या दांड्यांमधले शॉक शोषणारे नळकांडे जास्त बाहेर आलेले असते आणि टायर तळाशी फारसे दबत नाही. किटमध्ये दिलेले पाय बहुधा पूर्ण भारातले असतात. चकाकणाऱ्या नळकांड्याची लांबी धातूच्या बारीक नळीने मिलिमीटरभर वाढवली, की विमान लगेच रिकामे वाटू लागते. याच ठिकाणी वजनाचाही प्रश्न येतो. पुढे एक आणि मागे दोन चाके असल्यामुळे मॉडेल शेपटीवर बसण्याचा धोका असतो, आणि नाकात हवेचे तोंड असल्यामुळे तिथे शिसे भरायला जागा नसते. हवेच्या नळीच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधली पोकळी, आणि कॉकपिटचा तळ, या दोन जागा वापरा. धडाचे भाग कायमचे चिकटवण्याआधी सगळे टेपने जोडून मागच्या चाकांच्या रेषेवर तोलून पाहा आणि नाक ठामपणे खाली झुकेपर्यंत शिशाचे तुकडे वाढवत जा. रंग आणि गोंद यांचे वजन नंतर मागेही वाढते, म्हणून थोडे जास्तच ठेवा.

तुम्ही विचारले आहे की अमेरिकेतले एक्स-५ पाहून तपशील भरता येतील का. एक्स-५ चा एक नमुना ओहायोतील डेटन येथे अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयात आहे आणि त्याची छायाचित्रे भरपूर मिळतात. मांडणी समजून घ्यायला ती उपयोगी आहेत, पण तपशील तिथून उचलू नका. एक्स-५ मध्ये कोन बदलताना पंखाचे मूळही पुढे-मागे सरकते आणि त्यासाठी यंत्रणा आहे, पी. ११०१ मध्ये तसले काही नाही. पंखाच्या मुळाजवळचा भाग जर्मन नमुन्याच्या छायाचित्रांवरूनच करा.

त्यापेक्षा तुमच्या जवळची एक गोष्ट सुचवतो. पी. ११०१ ज्या स्पर्धेत होते त्यात फोके-वुल्फ या दुसऱ्या जर्मन कंपनीचे टा १८३ त्याचे प्रतिस्पर्धी होते, आणि तेही कधी उडाले नाही. त्या कंपनीचे प्रमुख अभियंते कुर्ट टांक पुढे भारतात आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला एचएफ-२४ मारुत हे लढाऊ जेट विमान घडले, जे १७ जून १९६१ रोजी उडाले. एक मारुत मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. ठाण्याहून तिथे एका सकाळी जाऊन येता येईल. आपण १:४८ चे मॉडेल साधारण तीस सेंटीमीटरवरून पाहतो, म्हणजे खऱ्या विमानापासून १४ मीटरहून थोडे अधिक अंतर झाले. मारुतपासून तेवढ्या अंतरावर उभे राहा, आणि कोणते सांधे दिसतात, कोणते दिसत नाहीत, रिव्हेट मोजता येतात का, चाकांच्या कप्प्यात किती अंधार आहे, हे वहीत टिपून घ्या. वॉश, म्हणजे खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग, किती गडद द्यावा याचे उत्तर त्या नोंदींतून मिळेल.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: क्षण निश्चित करून त्याची छायाचित्रे छापून समोर लावणे, किटचा कोन आणि इंजिनाची जागा तपासणे, अनावश्यक खाचा बुजवणे, तोल पाहणे, मग जुळणी, धातू, पुट्टीच्या पट्ट्या आणि शेवटी धूळ. डिकॅलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या) पानावरच्या पथकाच्या खुणा लावू नका. हे विमान कोणत्याही पथकाचे नव्हते. पाटीवर विमानाच्या नावाखाली ‘ओबरअमरगाऊ, उन्हाळा १९४५’ एवढे लिहा. पंखाचा कोन किती अंशांवर ठेवला आहे हेही त्याच ओळीत लिहिलेत, तर पुढे तुमच्या मॉडेलशी आराखडा ताडून पाहणाऱ्या माणसाला पसारा का जुळत नाही हे शोधत बसावे लागणार नाही.